खानदेशचा उन्हाळा

वैशाख लागला म्हणजे वर्तमानपत्रांतून गांवोगांवच्या उष्णतामानाचे आंकडे येऊं लागतात आणि वाचणारा आपल्या गांवचा आंकडा दुसऱ्या गांवाशीं ताडून पाहूं लागतो. मुंबईस ३४ अंश आणि नंदुरबारास ४३ असें वाचलें कीं मुंबईकरास आपण सुखी आहोंत असें वाटतें. परंतु तोच मुंबईकर एखाद्या लग्नानिमित्त मे महिन्यांत नंदुरबारास आला, म्हणजे त्याचा अनुभव कांहींसा निराळा होतो. दुपारीं घराबाहेर पाऊल टाकवत नाहीं हें खरें. पण जाड भिंतीच्या घरांत सांवलीस बसल्यावर अंगाला घाम चिकटत नाहीं, माठांतलें पाणी दांतांना लागतें, आणि रात्रीं गच्चीवर अंथरूण टाकलें कीं पहांटेच्या वाऱ्यानें झोंप गाढ लागते. उलट खानदेशी माणूस मुंबईस गेला कीं ३४ अंशांतच त्याचा जीव गुदमरूं लागतो. रात्रीं झोंप नाहीं, दिवसा अंगांतला सदरा वाळत नाहीं, आणि ‘आमचें ऊन परवडलें, पण तुमची ही काहिली नको’ असें म्हणून तो परतीच्या गाडीची वाट पाहतो.

दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं. उष्णतामापकाच्या नळींतील पारा उन्हाळ्याचा एकच गुण मोजतो. माणसाला मात्र उन्हाळा सबंध भोगावा लागतो. हवा कोरडी कीं दमट, घर मातीचें कीं पत्र्याचें, काम सांवलींतलें कीं शेतांतलें, पाणी दारांत कीं दोन कोसांवर, या सर्वांचा त्यांत हिशेब असतो. म्हणून निरनिराळ्या हवामानांतील लोकांनीं उन्हाळा कसा सोसला याचा इतिहास पाहूं गेल्यास तो केवळ पंख्यांचा आणि पडद्यांचा इतिहास राहत नाहीं. एकाच्या अंगावरचें ऊन दुसऱ्याच्या अंगावर कसें गेलें याचाही तो इतिहास होतो. खानदेशाच्या पश्चिम टोंकाचा नंदुरबार जिल्हा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

प्रथम शरीराचा धर्म थोडक्यांत सांगितला पाहिजे. माणसाच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ३७ अंश असतें, आणि त्यांत दोन-चार अंशांची वाढही शरीराला सोसत नाहीं. बाहेरची हवा शरीराहून अधिक तापली म्हणजे शरीराजवळ एकच मोठा उपाय उरतो, तो घामाचा. एक ग्रॅम घाम वाळतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता अंगांतून घेऊन जातो. पण घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो वाळला पाहिजे. कोंकणांत हवेंतच पाणी भरलेलें असल्यामुळें तो वाळत नाहीं, नुसता निथळतो. खानदेशांत तो येतां येतांच वाळतो, म्हणून कित्येकदां घाम आल्याचें कळतही नाहीं. आणि नेमका हाच खानदेशी उन्हाचा दगा आहे. पाणी शरीरांतून नकळत जातें, तहान मागाहून लागते, आणि तोंवर माणसाला ऊन लागलेलें असतें. ओला कपडा गुंडाळलेल्या उष्णतामापकानें ३५ अंश दाखविले तर धडधाकट माणूसही सांवलींत बसून फार वेळ जगूं शकत नाहीं, असें गणित शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं मांडलें. पुढील प्रयोगांत ती मर्यादा त्याहूनही खालीं असल्याचें दिसून आलें. कोरडी हवा आपल्याला या मर्यादेपासून दूर ठेवते, पण पाणी मिळेल तोंपर्यंतच.

माठाचें पाणीही याच नियमानें गार होतें. मडक्याच्या अंगांतून पाणी झिरपतें, वाळतें, आणि वाळतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. स्पेन देशांत ‘बोतिखो’ नांवाचें मातीचें भांडें याच कामीं वापरतात. नंदुरबारचा कुंभार आणि स्पेनचा कुंभार यांची कधीं गांठ पडली नसेल. पण कोरड्या उन्हानें दोघांनाही एकच युक्ति शिकविली. कोंकणांतल्या माठाला मात्र ती तितकीशी साधत नाहीं, हा त्या माठाचा दोष नव्हे.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. दक्षिणेच्या बाजूस तापीचें काळ्या मातीचें सपाट खोरें, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, आणि त्यांच्याही पलीकडे सीमेवर नर्मदा. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत सूर्य या भागाच्या बरोबर माथ्यावर येतो. समुद्राचा ओलावा येथपर्यंत पोंचतां पोंचतां सरतो, आणि पिकें निघालेली काळी जमीन तव्यासारखी तापते. परंतु त्याच जिल्ह्यांत तोरणमाळाचें पठार समुद्रसपाटीपासून साडेअकराशें मीटरांच्या आसपास उंच आहे. उंची हजार मीटरांनीं वाढली म्हणजे उष्णतामान सरासरीनें सहा-साडेसहा अंशांनीं उतरतें. तेव्हां नंदुरबार शहरांत लोक तळमळत असतां तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या कांठीं पांच-सहा अंशांनीं कमी तापलेली हवा असते. एकाच जिल्ह्याच्या पोटांत हे दोन उन्हाळे आहेत.

आणि दोन उन्हाळ्यांचीं घरेंही दोन प्रकारचीं. तापीकांठच्या जुन्या घराच्या भिंती हातभर रुंदीच्या, मातीच्या, आणि वर मातीचेंच सपाट धाबें. माती सावकाश तापते व सावकाश निवते. दुपारचें ऊन भिंतीच्या आंतल्या अंगाला पोंचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोंपर्यंत घरचीं माणसें बाजा घेऊन धाब्यावर गेलेलीं असतात. म्हणजे दिवसा घराच्या पोटांत आणि रात्रीं घराच्या पाठीवर, असा हा संसार. इराणांतील यझ्द शहरचे लोकही मातीच्या जाड भिंतींत राहत, रात्रीं गच्चीवर निजत, आणि त्याखेरीज उंच वातयंत्रासारखे मनोरे बांधून वरचा वारा तळघरापर्यंत उतरवीत. सातपुड्यांतील भिल्ल आणि पावरा यांचें घर याच्या अगदीं उलट. बांबूच्या वा काटक्यांच्या कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा हात, वर कौलें, आणि घरें एकमेकांना न चिकटतां ज्याच्या त्याच्या शेतांत सुटीं सुटीं. डोंगरावर वारा आहे आणि झाडाची सांवली आहे. तेव्हां तेथील घर ऊन अडविण्यापेक्षां वारा आंत घेण्यासाठीं बांधलेलें असतें. एकानें भिंत जाड केली, दुसऱ्यानें ती पातळ केली, आणि आपापल्या जागीं दोघेही शहाणे ठरले.

हें शहाणपण फार जुनें असलें पाहिजे. तापीच्या कांठीं प्रकाशें येथें १९५५ सालीं उत्खनन झालें, तेव्हां तेथें तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वींची ताम्रपाषाणयुगांतील वस्ती सांपडली. इतक्या पिढ्यांनीं येथले वैशाख पाहिले. लिहून ठेवणारे प्रवासी पुष्कळ मागाहून आले. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जातांना नंदुरबारावरून गेला. येथील मराठे लोक वैद्यक आणि ज्योतिष जाणतात, व भात, भाजी आणि तिळाचें तेल असा त्यांचा आहार आहे, असें त्यानें नमूद केलें आहे. १६१५ सालीं इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुराकडे याच वाटेनें गेला, पण तो नोव्हेंबरांत. मोठ्या प्रवासाला हिवाळा निवडणें हाच उन्हाळ्यावरचा पहिला उपाय. परंतु तो ज्याच्या हातीं आपलें वेळापत्रक आहे त्याचा. ज्याला चैत्र-वैशाखांतच माल पोंचवावयाचा आहे त्याला रात्रीं चालावें व दिवसा झाडाखालीं पडावें, एवढीच मोकळीक होती.

रो ज्या बऱ्हाणपुरास गेला, त्या खानदेशच्या जुन्या राजधानींत त्याच सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमदानींत पाण्याचें एक विलक्षण काम झालें. सातपुड्यांतून झिरपणारें पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे आणावयाचें आणि ठिकठिकाणीं विहिरीसारख्या कुंड्या ठेवावयाच्या, अशी ही योजना. तिला कुंडी भंडारा म्हणतात. ही विद्या इराणांतील ‘कनात’ पद्धतीची. उघड्या पाटाचें पाणी खानदेशच्या उन्हांत वाटेंतच उडून जावयाचें; जमिनीच्या पोटांतून आणलेलें पाणी गार राहतें आणि भरपूर पोंचतें. एका कोरड्या देशाचें शहाणपण दुसऱ्या कोरड्या मुलुखाच्या असें उपयोगी पडलें. आणि तें एकट्या सुभेदाराच्या हमामापुरतें न राहतां शहराच्या कामीं आलें, ही त्यांतली विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट होय.

सर्वच उपाय असे नव्हते. अबुल फझलाच्या ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत अकबराच्या घरच्या व्यवस्थेचें वर्णन आहे. त्यांत सोऱ्यानें पाणी गार करण्याची रीति आहे, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून घर थंड करण्याची युक्ति आहे, आणि लाहोरास उत्तरेकडच्या डोंगरांतून नावा, गाड्या व हमाल यांच्याकरवीं बर्फ आणण्याची तजवीजही आहे. पुढें १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून जहाजांत भरलेला बर्फ कलकत्त्यास येऊन पोंचला आणि गोऱ्या वस्तींत त्याचें मोठें कौतुक झालें. साहेबाच्या बंगल्यांत छताला झालरीचा पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी भिंतींतल्या भोंकांतून बाहेर ओसरीवर बसलेल्या पंखेवाल्याच्या हातांत असे. आंत साहेब झोंपलेला, बाहेर पंखेवाला उन्हाच्या झळा खात दोरी ओढीत बसलेला. या चित्रांत उन्हाळ्याच्या इतिहासाचें सार आलें आहे. पंख्यानें ऊन नाहींसें झालें नाहीं. तें भिंतीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलें. ज्यांना पंखाही पुरेना ते स्वतःच उठून डोंगरावर गेले. १८२८ च्या सुमारास महाबळेश्वराची वसाहत सुरू झाली, आणि १८६४ पासून हिंदुस्थान सरकारचें सबंध दप्तर उन्हाळ्यांत सिमल्यास जाऊं लागलें. कागदांचे गठ्ठे डोंगरावर गेले. पण ज्यांच्या शेतसाऱ्याचा हिशेब त्या गठ्ठ्यांत होता, ते शेतकरी तापीच्या कांठींच राहिले.

त्या शेतकऱ्याचा मुख्य उपाय वस्तूंचा नव्हता, वेळेचा होता. आयुर्वेदानें दिवसा झोंपणें निषिद्ध मानलें आहे. परंतु ग्रीष्म ऋतु तेवढा चरकानें त्यांतून वगळला आहे. स्पेनमधल्या दुपारच्या झोंपेला ‘सिएस्ता’ हें नांव मिळालें, तें सूर्योदयापासून मोजलेल्या सहाव्या तासावरून, म्हणजे मध्यान्हावरून. दोन टोंकांच्या दोन परंपरा एकाच निष्कर्षाला आल्या. सातपुड्यांत मोहाचीं फुलें रात्रीं व पहांटे गळतात आणि बायकामुलें उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. शेतांतलें काम भल्या पहांटे सुरू होऊन ऊन चढण्याआधीं थांबतें. न्याहारीला भाकरी, ठेचा आणि कांदा. दुपारीं ताक किंवा कैरीचें पन्हें. डोक्याला बांधलेलें उपरणें किंवा ओढलेला पदर यांनाही बाहेरच्या पाहुण्यानें अडाणीपणा समजूं नये. कपाळावर ओघळणारा घाम तो कपडा टिपून घेतो आणि तेथेंच वाळवितो.

खानदेशचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण ऐन या उन्हांत येतो. अक्षय्य तृतीयेला येथें आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरीं येतात, गौराई बसते, निंबाच्या झाडांना झोके टांगले जातात, आणि अहिराणी गाणीं दुपारभर चालतात. त्या दिवशीं घरोघर पाण्यानें भरलेली घागर पूजतात. तिच्यावर तापीच्या वाळूंत पिकलेलें डांगर आणि आंबा ठेवून पूर्वजांचें स्मरण करतात. गेलेल्या माणसाला काय द्यावें असा प्रश्न या मुलुखाला पडला, तेव्हां त्यानें सोनें-नाणें निवडलें नाहीं, गार पाण्याची घागर निवडली. पण याच दिवसाला दुसरीही एक बाजू आहे. सालदाराचें वर्ष आखाजीला संपतें आणि नवें वर्ष आखाजीलाच सुरू होतें. ज्या दिवशीं मालकाच्या घरीं लेक झोक्यावर बसते, त्याच दिवशीं सालदार पुढल्या बारा महिन्यांचा आपला घाम बोलींत ठरवितो.

तथापि ऊन म्हणजे केवळ संकट, असें येथला मनुष्य मानीत नाहीं. नंदुरबारचा मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची येऊं लागते आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांत ‘पथारी’ पडतात. दूरवरून पाहणाऱ्याला जमिनीवर तांबडें कापड अंथरल्यासारखें दिसतें. कोरडें ऊन हेंच तेथलें यंत्र. एखादा अवकाळी पाऊस आला कीं तें बंद पडतें आणि माल काळा पडतो. अक्राणी व अक्कलकुवा भागांत एप्रिल-मे महिन्यांत घरचीं सारीं माणसें कैऱ्या सोलतात, फोडी उन्हांत वाळवितात आणि आमचूर मोलगी-धडगांवच्या बाजारांत नेतात. घरोघरच्या गच्च्यांवर कुरडया, पापड आणि ज्वारीचे बिबडे वाळत असतात. वर्षभर चवीनें खाल्लें जाणारें हें सारें वैशाखाचें देणें आहे. मात्र पथारीवर उन्हांत वांकून मिरची पसरणारे, तिच्या खकाण्यानें खोकणारे हात बहुधा मजुरी करणाऱ्या बायांचे असतात, हें आमटींत तिखट घालतांना आपल्या ध्यानांत येत नाहीं.

थंड देशांना उन्हाळा ठाऊक नसल्यामुळें तो तेथें किती घातक होतो, हें २००३ सालच्या ऑगस्टांत दिसलें. पॅरिस शहरांत पारा ४० अंशांच्या जवळ गेला. नंदुरबारच्या मानानें हा आंकडा कांहींच नव्हे. पण त्या एका लाटेंत फ्रान्समध्यें सुमारें १५,००० माणसें दगावलीं. तेथलीं घरें थंडी अडविण्यासाठीं बांधलेलीं, वरच्या मजल्यांवर जस्ताच्या पत्र्याचीं छपरें, आणि त्या छपरांखालीं एकएकटीं राहणारीं म्हातारीं माणसें. मुलें सुट्टीसाठीं बाहेरगांवीं गेलेलीं. विचारपूस करणारें कोणी नव्हतें. म्हणजे मारलें तें केवळ उन्हानें नव्हे, एकटेपणानेंही. यावरून उन्हाची संवय असलेल्यांनीं निर्धास्त व्हावें असेंही नाहीं. २०१० सालच्या मे महिन्यांत अहमदाबादेंत उष्णतेची लाट आली, तेव्हां नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक मृत्यु जास्त झाले. तें शहर उन्हाळ्याला कांहीं नवखें नव्हतें. त्यानंतर २०१३ सालीं तेथें पूर्वसूचना देणें, पाण्याची सोय करणें, दवाखाने सज्ज ठेवणें अशी योजना सुरू झाली, व तिचें अनुकरण इतरत्रही झालें. संवय ही ढाल खरी, पण तिला मर्यादा आहे; आणि पृथ्वीचें उष्णतामान वाढत असतां ती मर्यादा जवळ येत चालली आहे.

अशा वेळीं आपण आपली जुनी ढाल टाकून देत आहोंत, ही चिंतेची गोष्ट होय. मातीचीं धाबीं गेलीं. ज्याला ऐपत आहे त्याचें सिमेंटचें छत झालें, नाहीं त्याच्या डोक्यावर पत्रा आला. पत्र्याला भिंतीसारखा धीर नाहीं. सूर्य वर येतांच तो तापतो आणि आंतल्या माणसाला भाजतो. सरदार सरोवराच्या पाण्यानें अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. त्यांतले कित्येक लोक तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर येऊन राहिले. शासनाच्या कागदावर तें स्थलांतर एकाच जिल्ह्यांतलें. पण जो नदीकांठच्या डोंगरांत, झाडाखालीं, कुडाच्या घरांत वाढला, त्याच्या अंगानें तो देश बदलला. त्याचें घर ज्या उन्हाळ्यासाठीं होतें तो उन्हाळा मागें राहिला, आणि नव्या उन्हाळ्याचें घर त्याला ठाऊक नव्हतें. दरवर्षीं ऊसतोडीला गुजरातेंत वा दूरच्या कारखान्यांवर जाणारीं कुटुंबें तर पाचटाच्या झोंपडींतच उन्हाळ्याचें तोंड पाहतात.

आणि ज्यांच्या घरीं वातानुकूल यंत्र आलें आहे त्यांनींही एकदां त्या यंत्राच्या बाहेरच्या बाजूस उभें राहून पाहावें. आंतली उष्णता तें गल्लींत फेंकतें, आणि गल्लींतून भाजीवाली जात असते. पंखेवाल्याची दोरी गेली आहे. भिंत मात्र अजून तेथेंच आहे. यंत्र वापरूं नये असा याचा अर्थ नव्हे. म्हाताऱ्यांना व आजाऱ्यांना तें आज जीवदान ठरेल. परंतु उन्हाळ्यावरचा कोणताही उपाय पारखतांना, हें ऊन कोठें गेलें आणि कोणाच्या अंगावर गेलें, एवढा प्रश्न विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

या कसोटीला उतरणारे उपाय आपल्या परंपरेंत आहेत. जमिनीखालून सबंध शहरासाठीं आणलेलें पाणी, रस्त्याच्या कडेचा वड, चैत्रांत घातलेली पाणपोई, दुपारीं काम थांबविण्याचा रिवाज. यांपैकीं कशानेंही एकाचें ऊन दुसऱ्यावर लोटलें जात नाहीं. मजुराला दुपारच्या तीन तासांची रजा देणें आणि पत्र्यावर पाचटाचा थर टाकणें यांना फारसा पैसाही लागत नाहीं. आखाजीची घागर आपण गेलेल्यांच्या नांवानें भरतों. ती पूजून झाल्यावर तिच्यांतलें गार पाणी दारावरून उन्हांत जाणाऱ्या माणसाला मिळालें, तर पितरांना तें खास पोंचेल.